भ्रमणध्वनी आणि मेंदू

रात्री भ्रमणध्वनी उशाशी घेऊन निजणाऱ्या नातवाला आजी हटकते, "अरे, ते यंत्र डोक्याजवळ ठेवू नकोस. त्याच्या लहरींनी मेंदू बिघडतो." नातू हसून म्हणतो, "आजी, तसे काही नसते!" दोघेही आपापल्या मताविषयी निःशंक असतात, परंतु "हे कशावरून?" असे कोणी विचारले, तर दोघांपाशीही उत्तर नसते. ते उत्तर शास्त्रज्ञांनी कसे शोधले, हे जाणण्यासारखे आहे.

भ्रमणध्वनीवर बोललेले शब्द रेडिओ-लहरींच्या रूपाने जवळच्या मनोऱ्यापर्यंत जातात. रेडिओ-लहरी, प्रकाश आणि क्ष-किरण ही एकाच कुळातील भावंडे होत. मात्र त्यांच्या सामर्थ्यात मोठे अंतर आहे. क्ष-किरण अणूंतील इलेक्ट्रॉन उखडून टाकतात आणि त्यामुळे शरीरातील पेशींना इजा पोहोचू शकते. रेडिओ-लहरींच्या अंगी तेवढे बळ नसते. त्यांच्यामुळे शरीरात थोडीशी उष्णता मात्र उत्पन्न होते. ती मर्यादेत राहावी म्हणून भारतात २०१२ सालापासून असा नियम आहे की, शरीरात शोषली जाणारी लहरींची शक्ती दर किलोग्रॅमला १.६ वॅटहून अधिक असता कामा नये.

परंतु उष्णतेखेरीज मेंदूच्या कार्यावर या लहरींचा काही परिणाम होतो काय? अमेरिकेतील डॉ. नोरा व्होल्कोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी ४७ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाच्या दोन्ही कानांशी एकेक भ्रमणध्वनी बांधला. एका दिवशी दोन्ही यंत्रे बंद होती. दुसऱ्या दिवशी उजव्या कानाचे यंत्र ५० मिनिटे चालू होते. त्याचा आवाज मात्र बंद ठेवला होता. यंत्र केव्हा चालू आहे, हे त्या माणसांना कळू दिले नव्हते. कारण नुसत्या समजुतीनेही निष्कर्ष बिघडण्याचा संभव असतो. काम करताना मेंदू ग्लुकोज नावाची साखर वापरतो. तिचा वापर यंत्राने मोजला, तेव्हा चालू यंत्राच्या अगदी जवळच्या भागात तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. संपूर्ण मेंदूच्या वापरात मात्र फरक पडला नव्हता.

हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. मग आजीचेच म्हणणे खरे ठरले काय? नाही. बदल होणे निराळे आणि अपाय होणे निराळे. जिना चढताना हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून तो काही रोग नव्हे. या वाढीचा आरोग्याशी काय संबंध आहे, हे सांगता येत नाही, असे त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच नमूद केले. शिवाय त्याच वर्षी फिनलंडमध्ये १३ तरुणांवर केलेल्या प्रयोगात ग्लुकोजचा वापर उलट घटलेला दिसला! एका प्रयोगावर विसंबून निवाडा देऊ नये, तो याचसाठी.

रोगाचा शोध घ्यावयाचा, तर पुष्कळ माणसांकडे पुष्कळ वर्षे पाहावे लागते. डेन्मार्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक भ्रमणध्वनीधारकांची पाहणी झाली. त्यांच्यात मेंदूच्या गाठी इतरांहून अधिक आढळल्या नाहीत. तथापि काही अन्य पाहण्यांत शंकेला जागा होती. म्हणून २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा वर्गात घातले. 'कदाचित' म्हणजे 'निश्चित' नव्हे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून ६३ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. भ्रमणध्वनीचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध त्यांत दिसून आला नाही. हा अहवाल २०२४ सालचा आहे. तरीही संशोधन थांबलेले नाही. नवा पुरावा मिळाल्यास जुने मत बदलण्याची शास्त्राची तयारी असते.

तर मग आजीचा सल्ला वाया गेला काय? मुळीच नाही. यंत्र थोडे दूर धरले, तरी डोक्यापर्यंत पोहोचणाऱ्या लहरी झपाट्याने कमी होतात. एवढी सावधगिरी फुकटात मिळते. आणि उशाशी असलेला भ्रमणध्वनी मुलांची झोप हिरावून घेतो, यात संशय नाही. ते काम लहरींचे नव्हे. चमकणाऱ्या पडद्याचे आणि अनावर उत्सुकतेचे आहे. झोपेवाचून मेंदू थकतो, पाठ केलेले विसरतो. आजीचा सल्ला योग्य होता. तिने दिलेले कारण तेवढे निराळे निघाले.

ऐकलेल्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे जसे बरे नव्हे, तसेच ती हसण्यावारी नेणेही बरे नव्हे. "कशावरून?" हा लहानसा प्रश्न विचारणे आणि उत्तरासाठी धीर धरणे, यातच शहाणपण आहे.

स्वाध्याय
१. यंत्र केव्हा चालू आहे, हे प्रयोगातील माणसांना का कळू दिले नाही?
२. 'बदल होणे निराळे आणि अपाय होणे निराळे' हे तुमच्या शब्दांत उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. आजी आणि नातू यांच्यापैकी कोणाचे किती बरोबर होते, ते लिहा.