सरपंचबाईंची सही

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. हा झाला कायदा. माझी चुलती सरपंच झाली तेव्हा मी आठवीत होते. मासिक सभेचे अध्यक्षस्थान कायद्याने तिचे. पण खुर्चीत काका बसत आणि इतिवृत्ताची वही सहीसाठी स्वयंपाकघरात येई. काकी न वाचताच सही करी. तिला वाचता येत नव्हते असे नव्हे, पण वही वाचायला मागणे हाच आमच्याकडे उद्धटपणा! मग ती भाकरी थापत असताना मीच ठराव मोठ्याने वाचू लागले. एकदा नळयोजनेत वरची आळी वगळलेली निघाली. काकीने हात धुतले, सही केली नाही. पुढच्या सभेला ती स्वतः गेली.