मढचे दोन टाइमटेबल

अंधेरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी येते. पण अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढ आहे. लोक त्याला 'मढ आयलंड' म्हणतात, पण आज ते बेट राहिलेलं नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी आणि उत्तरेकडून मार्वे-मालवणीचा रस्ता. म्हणजे भूगोलाच्या भाषेत द्वीपकल्पच!

इथून कामाला किंवा कॉलेजला जायला दोन वाटा आहेत. मालाडमार्गे रस्त्याने वर्सोवा सुमारे २० किलोमीटर पडतं. फेरीबोटीने मात्र काही मिनिटांत खाडी पार होते. पुढे रिक्षा केली की मेट्रो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली ही मुंबईची पहिली मेट्रो वर्सोव्याहून थेट घाटकोपरला नेते. पण पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट थांबते आणि पुन्हा तोच लांबचा फेरा.

म्हणून इथे दोन टाइमटेबल पाळावी लागतात. एक रेल्वेचं, दुसरं समुद्राचं. रेल्वेचं रोज तेच असतं. समुद्राचं रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्रही पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो. त्यामुळे दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर पडतं.

याचं गणित आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार ठाऊक आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. उत्तर ढोबळ असतं, तासाभराने चुकूही शकतं. पण एका तिथीला ४५ मिनिटं आणि वर सांगितलेली ५० मिनिटं, किती जवळ आहेत बघा! अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला भांग.

हे गणित फक्त कोळ्यांच्या कामाचं नाही. भरतीची पातळी नाल्यांच्या तोंडापेक्षा वर गेली की पावसाचं पाणी समुद्रात उतरत नाही, उलट तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी नेमकी भरती होती. उपनगरांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर जुहूजवळ इर्ल्याला पंपिंग स्टेशन उभं राहिलं, ते याचसाठी.

आता महापालिकेने वर्सोवा-मढ पूल हाती घेतला आहे. पूल झाला की लांबचा फेरा वाचेल. पण खाडीत कांदळवन आहे आणि तिथूनच मच्छिमारांच्या होड्या ये-जा करतात. म्हणजे प्रश्न फक्त खांब आणि गर्डरचा नाही. उधाणाच्या भरतीतही होडी खालून जाईल इतकी उंची ठेवायची, तर आपल्यासारख्या सिव्हिलवाल्यांना दुसरं टाइमटेबलही वाचता आलं पाहिजे. हॉस्टेलच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असतेच. आजची भरती काढून बघा!