बियाण्याचा डबा



मोखाड्याच्या पाड्यांवर फिरताना मला एक धास्ती वाटते. ज्या घरात धान्याची कणगी, त्याच घरात मुलं झोपतात. आणि कीड लागली की कुणीतरी कणगीत विषारी गोळी टाकतं. दमट हवेने त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्याला मारतो, तसा माणसालाही.

बिनविषारी उपाय दोन. पहिला बीटी जिवाणू. जर्मनीतल्या पीठगिरणीच्या अळीत सापडलेल्या या जिवाणूचं वर्णन एर्न्स्ट बर्लिनर यांनी १९१५ साली केलं. अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्याला भोकं पडतात. मात्र तो पतंगाच्या अळीसाठी आहे. दाण्यात वाढणाऱ्या सोंड्याला, कडधान्याच्या भुंगेऱ्याला पुरत नाही.

तिथे दुसरा उपाय, थंडी. तूर-उडदाचं बियाणं कडक वाळवा, डब्यात घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर डबा रात्रभर उघडू नका, नाहीतर दाण्यांना ओल धरेल.

पाड्यावर फ्रीजर नाही, हे मी जाणतो. पण बियाणं थोडंच असतं. बाजारात ज्यांच्याकडे फ्रीजर आहे, त्यांनी एका डब्याला जागा द्यावी. तेवढ्याने एका घरातली गोळी टळेल.