काळा गवा काळाच दिसावा

ताडोब्याच्या बांबूवनात काळाकभिन्न गवा चौकट भरून उभा राहिला, की स्वयंचलित कॅमेरा त्याला राखाडी करतो. त्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करडेच मानतो. शुभ्र बगळाही त्यामुळे मळकट उमटतो. इतिहासाच्या शिक्षकाला हे खटकते, कारण छायाचित्र हाही पुरावाच. म्हणून विद्यार्थी मित्रहो, मॅन्युअल शिकावे. अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवावे. चरत्या गव्याला, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवल्यास, १/२५० शटर पुरते. उडत्या बगळ्याला १/२००० हवे. उरलेली तूट आयएसओने भरावी. ३२०० वर कण दिसतील, दिसोत. हललेले चित्र सुधारत नाही. गव्यासाठी मापकाचा काटा शून्याखाली एक स्टॉप, बगळ्यासाठी एक स्टॉप वर ठेवावा. ढग सरकताच मात्र पुन्हा मोजावे.