नदीतले मासे मोजायचे कसे?

ज्वारी पोत्यांत भरली की हिशेब लागतो. गुरे तर डोळ्यांपुढेच असतात. पण नदीतले मासे कसे मोजायचे? ते एका जागी थांबत नाहीत, धड दिसतही नाहीत. तरी माणसाने त्यावर तोड काढली आहे. तीच आज आम्ही सांगतो.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. तिथल्या थंड ओढ्यांत सामन मासा जन्मतो. (आपल्याकडे कोणी रावसालाही सामन म्हणतात. तो मासा वेगळा.) हा मासा लहानपणी ओढ्यात राहतो, मग समुद्रात जातो, आणि अंडी घालायला बहुधा आपल्याच नदीत परत येतो. हल्ली परतणारे मासे फार कमी झालेत. ब्रिटनमधला सामन नाहीसा होण्याच्या धोक्यात आहे, असे २०२३ साली जाहीर झाले. ओढ्यात पिले किती उरली, हे कळल्याशिवाय उपाय तरी काय करणार?

म्हणून मोजणारे ओढ्याचा एक तुकडा निवडतात. वर आणि खाली जाळी लावून तो बंद करतात. एकाच्या पाठीवर बॅटरीची पेटी असते. हातात लांब दांडा, त्याच्या टोकाला धातूचे कडे. मागे पाण्यात एक तार लोळत असते. दांड्याचे बटण दाबले की कडे आणि तार यांच्यामधून वीज वाहते. मासा आपोआप कड्याकडे पोहत येतो आणि गुंगतो. जोडीदार त्याला लहान जाळ्याने उचलून बादलीत टाकतो. थोड्या वेळाने मासा हुशार होतो.

ही वीज एकाच दिशेने वाहते, बरं का! आपल्याकडे काही जण खांबावरच्या तारेवर आकडा टाकून वीज पाण्यात सोडतात. ती वीज सारखी दिशा बदलते. तिने मासा जागीच आखडतो, पिलेही मरतात. पाण्यात उभा असलेला माणूससुद्धा मरतो. मोजणारे छातीपर्यंत रबरी पोशाख घालतात, आणि बटण सोडताच वीज बंद पडते.

आता हिशेब पाहू. पहिल्या फेरीत ६० मासे सापडले, असे धरा. ते बाजूला ठेवून पुन्हा तेवढीच मेहनत केली, तर ३० मिळाले. तिसऱ्या फेरीत १५. दर फेरीला निम्मे सापडतात, म्हणजे अजून १५ पाण्यात असणार. ६०, ३०, १५ आणि १५, एकूण १२०. सगळे न पकडताही आकडा कळला! पण काही मासे दगडाखाली दडून बसतात, म्हणून खरा आकडा थोडा जास्तच असतो.

शेवटी प्रत्येक माशाची लांबी वहीत लिहितात, आणि बादल्या ओढ्यात ओततात.