आधी चाळणी, मग पारख

घरी पीठ चाळताना तुम्ही पाहिलेच असेल. पीठ खाली पडते आणि चाळणीत काय उरते? थोडा कोंडा, पिठाच्या काही गुठळ्या आणि क्वचित एखादा खडा. आई हे सारे एकदम फेकून देत नाही. ती बोटाने चिवडून पाहते, गुठळ्या मोडून पुन्हा पिठात टाकते आणि खडा तेवढा बाहेर काढते. म्हणजे कामे दोन झाली. आधी चाळणी, मग पारख.

रोग शोधतानाही डॉक्टर हेच करतात. आज आपण त्याचे एक उदाहरण पाहू. भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनांच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. या विषयावर घरात सहसा कुणी बोलत नाही. न बोलल्यामुळे काय होते, ते पुढे कळेलच.

एकाच्या दोन, दोनाच्या चार

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि हे काम शिस्तीत चालते. एखाद्या पेशीतील सूचना बिघडल्या की ती शिस्त मोडते. त्या पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा पेशी वाढत राहतात. कर्करोगाची सुरुवात अशी होते. हा रोग शिवल्याने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही.

आता थोडे गणित करू. पेशीची रुंदी ढोबळमानाने १ सेंटिमीटरचा हजारावा भाग धरा. मग १ घन सेंटिमीटरच्या गाठीत किती पेशी मावतील? १०००×१०००×१०००, म्हणजे १०० कोटी. एका पेशीपासून दुप्पट दुप्पट करत गेलात, तर सुमारे ३० वेळा दुप्पट झाल्यावर हा आकडा येतो. प्रत्यक्षात काही पेशी मरतात, सगळ्या एकदम दुभंगत नाहीत आणि एकदा दुप्पट व्हायला बहुधा काही महिने लागतात. म्हणजे हाताला लागण्यापूर्वी गाठ बरीच वर्षे गुपचूप वाढत असते. पण १ सेंटिमीटरची गाठ २ सेंटिमीटरची व्हायला किती वेळा दुप्पट व्हावे लागते? रुंदी दुप्पट झाली की घनफळ आठपट होते, म्हणजे फक्त ३ वेळा! गाठ लागल्यावर ‘बघू पुढे’ म्हणणे का महागात पडते, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

शिवाय ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून सांगितले जात नाही, सांगितले नाही म्हणून तपासले जात नाही. तोवर पेशी काखेतील गाठींत, पुढे हाडांत किंवा फुप्फुसांत पोचू शकतात. रोग जागच्या जागी असताना सापडला, तर बरे होण्याची शक्यता पुष्कळच जास्त असते.

क्ष-किरणांची चाळणी

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. १९१३ साली बर्लिनमधील शल्यविशारद आल्बर्ट सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे अभ्यासली. मॅमोग्राफी या तपासणीचा उगम त्यात आहे. हाताला न लागणारी काही मिलिमीटरची गाठ किंवा मिठाच्या कणांसारखे चुन्याचे बारीक ठिपके या छायाचित्रात दिसू शकतात. मात्र तरुण स्त्रियांच्या स्तनांतील घट्ट ऊतक छायाचित्रात पांढरे दिसते आणि गाठही पांढरीच. चुन्याच्या भिंतीवर खडूने लिहिल्यासारखे होते! म्हणून ही चाळणी वाढत्या वयात अधिक उपयोगी पडते. त्यातच यंत्र महाग, आणि छायाचित्र वाचणारा तज्ज्ञही हवा.

मुंबईतील प्रयोग

मग यंत्र नसेल तेथे काय करायचे? शिकवलेल्या हातांनी तपासून चालेल का? हे पाहण्यासाठी टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईत एक मोठा प्रयोग सुरू केला. मुंबईतील २० विभागांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या विभागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. उरलेल्या विभागांत रोगाची माहिती दिली आणि नियमित विचारपूस ठेवली. ही तुलना नसती, तर फरक कशामुळे पडला ते कळलेच नसते.

वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोगाच्या प्रसारावरून डॉक्टर त्याच्या चार अवस्था मानतात. तपासणी नसलेल्या गटात रोग झालेल्या दर १०० स्त्रियांपैकी ४७ जणींचा रोग तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत सापडला. तपासणीच्या गटात हा आकडा ३७ होता. ५० वर्षांवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचा मिळून फरक १५ टक्के होता. पण तो केवळ योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता, असे संशोधकांनी स्पष्ट सांगितले. ५० वर्षांखालील स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. आपल्याला आवडेल तेवढेच सांगायचे नाही, हाही शास्त्राचा धडाच आहे.

२०१६ साली भारत सरकारने ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी अशा हाताच्या तपासणीचा कार्यक्रम आखला. ती पाच वर्षांतून एकदा करावी, असे त्यात ठरले.

मग पारख

समजा, एका गावात १००० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ५ जणींना रोग आहे. चाळणीने त्यांतल्या ४ पकडल्या. पण निरोगी ९९५ पैकी १०० जणींविषयीही शंका आली. पुढच्या तपासणीला बोलावणे किती जणींना येईल? १०४ जणींना. त्यांपैकी खरा रोग फक्त चौघींना! (हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत.) म्हणून बोलावणे आले की घाबरून रडत बसायचे नाही आणि ते टाळायचेही नाही. चाळणीत उरलेल्या बहुतेक गुठळ्याच असतात.

पारख करताना डॉक्टर पुन्हा हाताने तपासतात, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करतात आणि शेवटी सुईने गाठीचा अगदी लहान अंश काढतात. विकृतिशास्त्रज्ञ तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खडा की गुठळी, याचा निकाल तेथे लागतो.

तुम्ही काय कराल?

स्तनात किंवा काखेत नवी गाठ, कातडी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत वळणे, त्यातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, मग चाळणी तपासणी झालेली असो वा नसो. क्वचित हा रोग पुरुषांनाही होतो.

घरातल्या बायका सगळ्यांची दुखणी काढतात. स्वतःचे मात्र मागे ठेवतात. तेव्हा आज रात्री १ पासून दुप्पट करत ३० पायऱ्यांचे गणित वहीत मांडा आणि ते आईला, आजीला, मावशीला दाखवा. आकडा १०७ कोटींच्या पुढे गेलेला पाहून त्या विचारतील, ‘हे कशाचे गणित?’ मग हा लेख त्यांच्या हाती द्या.