इंग्रजी पत्रातला दोरा

न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि पनवेलच्या लहान कापड व्यापाऱ्यालाही परदेशी पत्रव्यवहाराचा मोह पडू लागला. आमच्यासारख्या उर्दू माध्यमातून शिकलेल्यांची अडचण शब्दांची नसते, शब्द डिक्शनरीत सापडतो. फसगत होते ती वाक्प्रचारांत.

स्वतःचेच सांगतो. चादरींच्या एका परदेशी ग्राहकाने लिहिले, तुमची ऑर्डर 'हँगिंग बाय अ थ्रेड' आहे. थ्रेड म्हणजे दोरा, एवढे येत होते. शिवणीचे दोरे लोंबतात अशी तक्रार समजून आठ दिवस गठ्ठे सोडून माल तपासला आणि 'दोरे कापले आहेत' असे ऐटीत कळवले. अर्थ होता, ऑर्डर जेमतेम टिकून आहे, केव्हाही तुटेल. दर कमी करण्याची गोष्ट पुढच्याच ओळीत होती, ती आम्ही दुय्यम मानली. ऑर्डर दुसरीकडे गेली.

गंमत अशी की असे कितीतरी वाक्प्रचार आपल्याच धंद्यातले आहेत. 'ऑन टेंटरहुक्स' घ्या. इंग्लंडात धुतलेले लोकरी कापड आकसू नये म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवीत. त्या चौकटीला टेंटर म्हणत. ग्राहक तसे लिहील तर त्याचा जीव टांगणीला लागला आहे, त्याला लगेच उत्तर द्या. 'डाइड इन द वूल' म्हणजे सूत कातण्यापूर्वी लोकरच रंगवलेली. रंग आतपर्यंत मुरतो, म्हणून पक्क्या, न बदलणाऱ्या माणसाला तसे म्हणतात. 'कट युअर कोट अकॉर्डिंग टु युअर क्लॉथ' शिकवायला नकोच. मराठीत अंथरूण पाहून पाय पसरतात, उर्दूत चादर पाहून, इंग्रज तेवढा कोट बेततो. मात्र 'द होल नाइन यार्ड्स' वाचून नऊवारी लुगडे आठवू नका. त्याचा अर्थ 'सगळेच्या सगळे' इतकाच, आणि तो कुठून आला यावर विद्वानांचे एकमत नाही.

हिशेबात 'इन द रेड' म्हणजे तोटा, कारण तोट्याचे आकडे लाल शाईने लिहीत. 'इन द ब्लॅक' म्हणजे नफा. याचा आपल्याकडच्या काळ्या पैशाशी संबंध नाही!

सर्वांत घातक शब्द 'टेबल'. लंडनच्या माणसाने प्रस्ताव टेबल केला तर तो चर्चेला घेतला. अमेरिकेच्या माणसाने केला तर बाजूला ठेवला. तेव्हा माल भरण्याआधी लिफाफ्यावरचा देश पाहावा आणि शंका असेल तर साध्या इंग्रजीत पुन्हा विचारावे. विचारण्यास टपालखर्चच काय तो पडतो.